गहाणखत आणि छात्रालय : समाजाच्या इतिहासातील एक जमाखर्च

दीपावलीच्या वहीपूजनाच्या दिवशी व्यापारी कुटुंबात जुनी खतावणी मिटते व नवी उघडते. मात्र काही खाती अशी असतात, की ती जुन्या वहीतून नव्या वहीत वर्षानुवर्षे ओढली जातात. आजच्या मध्यमवर्गीय जैन कुटुंबात अशी दोन खाती हटकून आढळतात. एक राहत्या घराच्या कर्जाचे आणि दुसरे परगावी शिकणाऱ्या मुलामुलींच्या निवास-भोजनाचे. घराचे हप्ते थकत गेले तर घर जाते. वसतिगृहाचे पैसे थकले तर मुलाचे वर्ष जाते. या दोहोंपैकी आधी कोणते द्यावे, हा प्रश्न पुष्कळ घरांत रात्री, मुले निजल्यावर, हलक्या आवाजात बोलला जातो. समाजाच्या सभेत मात्र त्याचा उच्चार क्वचितच होतो.

हा प्रश्न या पिढीपुढेच प्रथम उभा राहिला, अशी सर्वसाधारण समजूत आहे. वस्तुतः सव्वाशे वर्षांपूर्वी तो याहूनही कठोर स्वरूपात समाजापुढे उभा होता. तेव्हा गृहकर्ज नव्हते, पण गहाणखत होते. खासगी वसतिगृहे नव्हती, पण परगावची शाळा होती. त्या काळच्या धुरीणांनी या अडचणीस जे उत्तर दिले, त्याचे नाव ‘जैन बोर्डिंग’. ट्रस्टच्या सुवर्णमहोत्सवी वर्षात त्या उत्तराचा जमाखर्च मांडून पाहणे उचित ठरेल.

गहाणखताच्या दोन्ही बाजूंस समाज

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात महाराष्ट्रातील जैन समाज एकजिनसी नव्हता. गुजरात व मारवाडातून येऊन पुणे, नगर, नाशिक, खानदेश या भागांत स्थिरावलेली कुटुंबे प्रामुख्याने व्यापार व सावकारी करीत. कोल्हापूर, सांगली, बेळगाव या पट्ट्यातील जैन समाज मात्र बहुसंख्येने शेतकरी होता. म्हणजे एकाच धर्माचे लोक गहाणखताच्या दोन्ही बाजूंस उभे होते. काही लिहून घेणारे होते, तर काही लिहून देणारे.

१८७५ च्या मे महिन्यात पुणे जिल्ह्यातील सुपे येथे शेतकऱ्यांचा उद्रेक झाला आणि तो पुणे व नगर जिल्ह्यांतील अनेक गावांत पसरला. रोष मुख्यतः मारवाडी व गुजर सावकारांवर होता, आणि त्या गर्दीला हवे होते ते प्रामुख्याने कर्जरोखे व गहाणखते. कागद नाहीसा झाला की कर्ज फिटले, अशी त्या गांजलेल्या कुळांची भावना होती. या घटनेचे स्मरण समाजास सुखद नाही. तथापि इतिहास लिहिताना ते टाळणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. या उद्रेकाच्या चौकशीनंतर १८७९ मध्ये दख्खनच्या शेतकऱ्यांच्या साहाय्याचा कायदा झाला. त्यायोगे रोख्यावर लिहिलेल्या आकड्याच्या मागे जाऊन मूळ व्यवहार तपासण्याचा आणि कर्जाची फेड हप्त्यांनी ठरवून देण्याचा अधिकार न्यायालयास मिळाला.

पुढे १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याने गहाणाचे निरनिराळे प्रकार निश्चित केले. व्यवहारात लोकांना त्यांपैकी नजरगहाण आणि कब्जेगहाण हे दोन अधिक परिचयाचे होते. नजरगहाणात जमीन वा घर मालकाकडेच राही. कब्जेगहाणात ताबा सावकाराकडे जाई आणि तिचे उत्पन्न बहुधा व्याजापोटी जमा होई. दरवर्षी पीक निघे, दरवर्षी ते व्याजात जाई आणि मुद्दल जसेच्या तसे उभे राही. व्याजाची थकबाकी मुद्दलापेक्षा अधिक होऊ नये, असा दामदुपटीचा जुना नियम होता खरा. परंतु ज्याचे शेतच दुसऱ्याच्या ताब्यात गेले, त्याला त्या नियमाचा आधार कितीसा पुरणार?

कॉलेज परगावी, मूल घरी

याच काळात इंग्रजी शिक्षणाचे महत्त्व वाढू लागले होते. १८५७ मध्ये मुंबई विद्यापीठ स्थापन झाले. कोल्हापुरास राजाराम कॉलेज १८८० मध्ये आणि पुण्यास फर्ग्युसन कॉलेज १८८५ मध्ये सुरू झाले. सरकारी खात्यांत, वकिलीत, अध्यापनात नव्या वाटा उघडत होत्या. पण या सर्व संस्था मोजक्या शहरांत होत्या आणि समाज बहुतांशी खेड्यापाड्यांत होता.

शाळेची फी ही त्या काळीही मोठी अडचण नव्हती. खरी अडचण मुलाने राहावे कोठे आणि जेवावे कोठे, ही होती. जैन कुटुंबात या अडचणीस आणखी एक पदर होता. सूर्यास्तापूर्वी भोजन, गाळलेले पाणी, कंदमुळांचा त्याग हे आचार पाळणाऱ्या मुलास सर्वसाधारण खाणावळीत निभावणे कठीण जाई. शहरात नातेवाईक असले तर मूल त्यांच्याकडे राही. परंतु पुष्कळदा त्याचा अर्धा दिवस दुकानाच्या गादीवर जाई आणि पुस्तक कोपऱ्यात पडून राही. स्वतंत्र बिऱ्हाड करावे, तर शेत वा घर गहाण टाकण्यावाचून गत्यंतर नसे. त्यातच १८९६ पासून प्लेगची साथ आणि शतकाच्या अखेरीस पाठोपाठ दोन दुष्काळ आले. अशा वर्षी मुलाच्या शिक्षणासाठी गहाणखत लिहून देणे म्हणजे घर आणि मूल ही दोन्ही पणास लावणे होते. बहुतेक बापांनी घर राखले आणि मुलास शेतावर अथवा दुकानात परत बोलावले. त्यांना दोष देता येणार नाही. त्यांच्यापुढे तिसरा मार्गच नव्हता.

बोर्डिंगची चळवळ

तो तिसरा मार्ग काढण्याचे कार्य ज्या संस्थांनी केले, त्यांत दक्षिण महाराष्ट्र जैन सभेचे नाव अग्रक्रमाने घ्यावे लागते. १८९९ मध्ये निपाणीजवळील स्तवनिधी या क्षेत्री सभेची स्थापना झाली. अण्णासाहेब लठ्ठे यांच्यासारखी नवशिक्षित तरुण मंडळी तीत अग्रभागी होती. तीर्थक्षेत्री जमणाऱ्या समाजाचे लक्ष शिक्षणाकडे वळवणे, हे त्यांनी आपले कर्तव्य मानले.

काळही अनुकूल होता. कोल्हापूरच्या गादीवर राजर्षी शाहू छत्रपती होते. निवासाची सोय झाल्याखेरीज बहुजन समाजाची मुले शिकणार नाहीत, हे त्यांनी अचूक ओळखले होते. १९०१ मध्ये व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग सुरू झाले आणि त्यानंतरच्या काळात जैन, मुस्लिम, लिंगायत व अन्य समाजांची वसतिगृहे महाराजांच्या आश्रयाने उभी राहिली. १९०८ मध्ये अस्पृश्य मानल्या गेलेल्या विद्यार्थ्यांसाठी मिस क्लार्क बोर्डिंग निघाले. कोल्हापुरास ‘वसतिगृहांची जननी’ म्हटले जाते, ते याचमुळे.

या चळवळीस द्रव्यबळ पुरविणाऱ्यांत दानवीर शेठ माणिकचंद हिराचंद झवेरी यांचे स्थान फार मोठे आहे. सुरतेत जन्मलेल्या आणि मुंबईत मोत्यांच्या व्यापारात नाव कमावलेल्या या गृहस्थाने दानाचा ओघ मंदिर व धर्मशाळांबरोबर छात्रालयांकडे वळवला. वडिलांच्या स्मरणार्थ मुंबईत त्यांनी उभारलेले हिराचंद गुमानजी जैन बोर्डिंग हे त्याचे ठळक उदाहरण होय. कोल्हापूर, अहमदाबाद व अन्य ठिकाणच्या छात्रालयांनाही त्यांचे साहाय्य लाभले. १९१४ मध्ये त्यांचे निधन झाले. त्यांच्या कन्या मगनबाई यांनी मुंबईत श्राविकाश्रमाच्या द्वारे विधवा व अन्य स्त्रियांच्या निवासाची आणि शिक्षणाची व्यवस्था केली. मुलीच्या शिक्षणासाठी घर गहाण टाकण्याचा विचारही ज्या काळी कोणाच्या मनास शिवत नव्हता, त्या काळातील हे कार्य आहे.

बोर्डिंगने कुटुंबाच्या जमाखर्चात नेमके काय बदलले, ते व्यापारी दृष्टीने पाहिले पाहिजे. एका मुलासाठी स्वतंत्र खोली, स्वतंत्र चूल आणि स्वतंत्र स्वयंपाकी कोणासही परवडत नसे. चाळीस मुलांसाठी एक इमारत, एक कोठी, एक भोजनगृह आणि एक गृहपती असला, की दरडोई खर्च उतरतो. धान्य सुगीच्या दिवसांत घाऊक भावाने भरता येते. इमारत दानातून उभी राहिली, तर तिचे भाडे विद्यार्थ्याच्या माथी बसत नाही. राहता राहिला अन्नाचा खर्च. तो काही पालकांकडून आणि उरलेला देणगीतून भागतो. अशा रीतीने जो भार एका घराच्या गहाणखतावर पडला असता, तो शेकडो घरांच्या छोट्या वर्गणीत वाटला गेला.

लक्ष्मीबाईंचे मंगळसूत्र

कोल्हापूरच्या जैन बोर्डिंगमध्ये राहिलेल्या विद्यार्थ्यांत कुंभोज येथे १८८७ मध्ये जन्मलेला एक मुलगा होता. तो पुढे कर्मवीर भाऊराव पाटील या नावाने अखिल महाराष्ट्रास वंद्य झाला. मिस क्लार्क बोर्डिंगच्या समारंभास जाऊन आल्यावर स्नान करण्याचे त्यांनी नाकारले आणि त्या कारणाने त्यांना जैन बोर्डिंग सोडावे लागले, हा प्रसंग सर्वश्रुत आहे. समाजाच्या छात्रालयाने आपल्याच सर्वश्रेष्ठ विद्यार्थ्यास बाहेर जाऊ दिले, ही नोंद खतावणीच्या नावे बाजूस प्रांजळपणे करावी लागते. पण त्याच छात्रालयाने त्यांच्या मनात वसतिगृहाचे बीज पेरले, ही नोंदही जमेच्या बाजूस राहतेच.

१९१९ मध्ये कराडजवळील काले येथे त्यांनी रयत शिक्षण संस्था स्थापन केली आणि १९२४ मध्ये साताऱ्यास सर्व जातिधर्मांच्या मुलांसाठी बोर्डिंग सुरू केले. १९२७ मध्ये महात्मा गांधींच्या हस्ते त्यास श्री छत्रपती शाहू बोर्डिंग हाउस हे नाव देण्यात आले. या बोर्डिंगपाशी आरंभी ना इमारत होती, ना निधी. सौ. लक्ष्मीबाई भाऊराव पाटील यांनी त्या मुलांचा सांभाळ स्वतःच्या मुलांप्रमाणे केला. मुलांच्या जेवणासाठी त्यांच्या अंगावरील दागिने एकामागून एक गेले, आणि एका अडचणीच्या प्रसंगी कोठीतील धान्य संपल्यावर मंगळसूत्रही द्यावे लागले. जैन कुळातील, संपन्न माहेरच्या त्या स्त्रीने सौभाग्याचे लेणे परक्यांच्या मुलांसाठी उतरविले. १९३० मध्ये त्या निवर्तल्या. संस्थेचा पुढील विस्तार पाहण्याचे भाग्य त्यांना लाभले नाही.

हा प्रसंग भाषणांतून वारंवार सांगितला जातो आणि ऐकणाऱ्यांचे डोळे पाणावतात. तथापि त्यातील दुसरा बोधही ध्यानी घ्यावा. ज्या कार्याचा भार समाजाने वेळीच उचलला नाही, तो शेवटी एका गृहिणीच्या गळ्यापर्यंत आला. त्याग वंदनीय खराच. पण अशा त्यागाची पाळी कोणा माउलीवर येऊ नये, यासाठीच संस्था असतात. आजही मुलाच्या वसतिगृहाचे पैसे भरण्याकरिता सोन्याच्या बांगड्या बँकेत तारण ठेवणाऱ्या माता समाजात आहेत. त्यांची नावे कोणत्याही स्मरणिकेत छापली जात नाहीत.

दानापेक्षा ऋण

मुंबईत १९१४-१५ मध्ये श्री महावीर जैन विद्यालयाची स्थापना झाली. तिच्यामागील प्रेरणा मुनी वल्लभविजयजी यांची होती. १९२४ मध्ये लाहोर येथे आचार्यपद प्राप्त झाल्यावर ते विजयवल्लभसूरी या नावाने प्रसिद्धीस आले. सर्वसंगपरित्याग केलेल्या साधूने समाजास महाविद्यालयीन मुलांच्या निवासाची चिंता करण्यास सांगावे, यास त्या काळी काहींचा विरोधही झाला. पण उच्च शिक्षणाखेरीज समाजाचा उत्कर्ष नाही, या मतापासून ते ढळले नाहीत.

या विद्यालयाची एक पद्धत विशेष उल्लेखनीय आहे. ज्या विद्यार्थ्यास खर्च झेपत नसे, त्यास कर्जरूपाने साहाय्य दिले जाई आणि शिक्षण पूर्ण होऊन तो कमावता झाल्यावर त्याने ती रक्कम परत करावी, अशी अपेक्षा असे. या व्यवस्थेत दोन गोष्टी साधल्या. घेणाऱ्याचा स्वाभिमान राहिला, कारण त्याने भिक्षा घेतली नव्हती. आणि परत आलेल्या पैशातून पुढील विद्यार्थ्याची सोय झाली. गहाणखतात मुलाच्या शिक्षणासाठी बापाचे घर अडकत असे. येथे तारण होते ते विद्यार्थ्याच्या गुणवत्तेचे व त्याच्या शब्दाचे.

याच कालखंडात राज्याच्या अन्य भागांतही निवासी शिक्षणाची केंद्रे निर्माण झाली. कारंजा येथील महावीर ब्रह्मचर्याश्रम (१९१८), चांदवड येथील नेमिनाथ जैन ब्रह्मचर्याश्रम (१९२८) आणि कुंभोजजवळील बाहुबली येथील आश्रम (१९३४) ही त्यांतील ठळक नावे होत.

गहाणखताच्या इतिहासातही याच पिढीचा हात लागला, हा एक अर्थपूर्ण योग आहे. बोर्डिंगच्या चळवळीतील अण्णासाहेब लठ्ठे १९३७ ते १९३९ या काळात मुंबई प्रांताचे अर्थमंत्री होते, आणि शेतकऱ्यांच्या कर्जनिवारणाचा प्रांतिक कायदा १९३९ चा आहे. ज्यांनी मुलांसाठी छप्पर मिळविले, त्यांच्याच पिढीने बापांच्या गहाणाचाही विचार केला होता.

बोर्डिंग मागे पडले, हप्ता पुढे आला

स्वातंत्र्यानंतर महाविद्यालये जिल्ह्याजिल्ह्यांत आणि पुढे तालुक्यांतही निघाली. मुले घरून ये-जा करू लागली. समाजाच्या हाती पैसा आला आणि बोर्डिंगची निकड कमी भासू लागली. काही बोर्डिंगांत खोल्या रिकाम्या राहू लागल्या. काही ठिकाणी त्यांच्या जागी मंगल कार्यालये व दुकानांचे गाळे आले. त्यांचे भाडे ट्रस्टच्या वहीत जमा झाले, पण पायंडा मोडला.

त्याच सुमारास घराच्या कर्जाचे स्वरूप पालटले. १९७७ मध्ये हसमुखभाई पारेख यांनी एचडीएफसी ही गृहकर्ज देणारी कंपनी स्थापन केली. १९८८ मध्ये राष्ट्रीय गृहनिर्माण बँक निघाली. पगारदार व लहान व्यापारी यांनाही वीस वर्षांच्या मुदतीने घर घेणे शक्य झाले. ही गोष्ट निःसंशय उपकारक ठरली. भाड्याच्या दोन खोल्यांत तीन पिढ्या काढणाऱ्या कुटुंबांस स्वतःचे दार लाभले. पुढे २००१ मध्ये बँकांनी शैक्षणिक कर्जाची आदर्श योजना स्वीकारली व वसतिगृहाच्या खर्चाचाही त्यात समावेश झाला.

म्हणजे एकाच कुटुंबात दोन कर्जांची सोय झाली. सोय झाली, तसा भारही झाला. दरम्यान अभियांत्रिकी, वैद्यकीय, सनदी लेखापाल व स्पर्धा परीक्षांच्या तयारीसाठी मुले पुन्हा परगावी जाऊ लागली. बापाच्या पिढीत ओस पडलेले बोर्डिंग मुलाच्या पिढीत पुन्हा हवेसे झाले.

दोन हप्त्यांचे गणित

उदाहरणादाखल एका कुटुंबाने २५ लाख रुपयांचे गृहकर्ज ८.५ टक्के दराने २० वर्षांसाठी घेतले, असे धरू. मासिक हप्ता सुमारे २१,७०० रुपये येतो. पहिल्या हप्त्यातील सुमारे १७,७०० रुपये व्याजाचे असतात आणि अवघे ४,००० रुपये मुद्दलात जातात. घर घेताना मूल दहा वर्षांचे असेल, तर ते अठरा वर्षांचे होऊन परगावी निघेपर्यंत कुटुंबाने सुमारे २० लाख ८३ हजार रुपये भरलेले असतात. तरीही मुद्दल सुमारे साडेएकोणीस लाख शिल्लक असते. कब्जेगहाणात पीक व्याजात जाई आणि मुद्दल उभे राही, त्याची आठवण येथे झाल्यावाचून राहत नाही. फरक एवढाच की हे कर्ज मुदतीअंती निश्चित फिटते. मात्र त्याचा सर्वांत जड काळ आणि मुलाच्या शिक्षणाचा काळ एकमेकांना येऊन भिडतात.

आता निवास-भोजनाचे दरमहा १२,००० रुपये धरले, तर चार वर्षांत ५ लाख ७६ हजार होतात. ही रक्कम एकदम घराच्याच तारणावर वाढीव कर्ज म्हणून घेऊन उरलेल्या १२ वर्षांत त्याच दराने फेडावयाची ठरवली, तर हप्ता सुमारे ६,४०० रुपयांनी वाढतो आणि एकंदर फेड ९ लाख २० हजारांच्या घरात जाते. चार वर्षांच्या खोलीचे व जेवणाचे पैसे बाप मुलाच्या तिशीपर्यंत फेडत राहतो. शैक्षणिक कर्जात फेड मुलाच्या कमाईच्या काळात येते, हे बरे. परंतु एका मर्यादेपुढे बँक तारण मागते आणि तारण म्हणून बहुधा घरच पुढे करावे लागते, जे आधीच गहाण असते.

दर आणि व्यापार हे दोन्ही स्थिर राहत नाहीत, हेही अलीकडच्या वर्षांनी शिकविले. मार्च २०२० मध्ये टाळेबंदी आली, दुकाने बंद झाली, वसतिगृहे रिकामी झाली. रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२० पर्यंत हप्ते लांबणीवर टाकण्याची मुभा दिली. पण व्याज चालूच राहिले. मे २०२० मध्ये ४ टक्के असलेला रेपो दर फेब्रुवारी २०२३ पर्यंत ६.५ टक्क्यांवर गेला. पुष्कळांचा हप्ता तोच राहिला व मुदत नकळत लांबली. कर्जदारास याची माहिती देऊन हप्ता वाढवावा की मुदत, हा पर्याय त्याच्यापुढे ठेवावा, असा आदेश रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२३ मध्ये काढला. २०२५ मध्ये दर पुन्हा उतरू लागले. वसतिगृहांच्या भाड्यावरील वस्तू व सेवा कराचा वादही मध्यंतरी गाजला. जून २०२४ मध्ये शिक्षणसंस्थांच्या आवाराबाहेरील, दरमहा दरडोई २०,००० रुपयांपर्यंतच्या आणि सलग किमान ९० दिवसांच्या निवासास सूट देण्याचा निर्णय कर परिषदेने घेतला. प्रत्येक पालकाने हे तपशील माहीत करून घ्यावेत. त्यांत हजारो रुपयांचा फरक पडतो.

इतिहासाचे सांगणे

सव्वाशे वर्षांच्या या जमाखर्चातून तीन गोष्टी निष्पन्न होतात.

पहिली गोष्ट कुटुंबाने करावयाची आहे. श्रावकाच्या पाच अणुव्रतांत परिग्रहपरिमाणाचे व्रत सांगितले आहे. घर घेताना बँक किती कर्ज देते, यापेक्षा मूल अठरा वर्षांचे होईल तेव्हा किती मुद्दल उरेल, हे आधी मांडावे. एक खोली कमी असलेले घर आणि निर्धास्तपणे शिकणारे मूल, हा सौदा तोट्याचा नाही. तेजीच्या वर्षी हाती आलेली जादा रक्कम आरंभीच्याच काळात मुद्दलात भरली, तर पुढील ओझे पुष्कळ हलके होते.

दुसरी गोष्ट संकोचाची आहे. व्यापारी समाजात पत ही प्राणाहून प्रिय असते. म्हणून अडचण झाकली जाते. शेजारच्या घरातील मुलगी प्रवेश मिळूनही केवळ निवासखर्चापायी परगावी गेली नाही, हे समाजास तिच्या विवाहाच्या वेळी कळते. कर्मवीर असोत वा शेठ माणिकचंद, त्यांनी मागणाऱ्याची वाट पाहिली नाही. गरज ओळखून दार उघडले. ट्रस्टनेही अर्ज येण्याची वाट न पाहता विचारपूस करावी, आणि ती बंद पाकिटासारखी गुप्त राहावी.

तिसरी गोष्ट संस्थेने करावयाची आहे, आणि तिचे गणित अगदी सरळ आहे. वरील उदाहरणातील ५ लाख ७६ हजार रुपये समाजाने एका विद्यार्थ्यास बिनव्याजी दिले आणि शिक्षणानंतर नोकरी-व्यवसायास लागून त्याने सहा वर्षे दरमहा ८,००० रुपये परत केले, तर रक्कम पूर्ण फिटते. बापाचे घर मोकळे राहते आणि चार वर्षे शिक्षणाची व सहा वर्षे फेडीची अशा दहा वर्षांत तोच पैसा दुसऱ्या विद्यार्थ्यासाठी सिद्ध होतो. पाच विद्यार्थ्यांसाठी २८ लाख ८० हजार रुपयांचा निधी एकदा उभा राहिला, तर सुवर्णमहोत्सवापासून शतकमहोत्सवापर्यंत पंचवीस विद्यार्थी त्यातून शिकू शकतात. महागाईमुळे त्यात वेळोवेळी भर घालावी लागेल; काहींचे हप्ते थकतील, तेही सोसावे लागेल. व्यापारात उधारी बुडते म्हणून कोणी दुकान बंद करीत नाही. या योजनेत मुलींचा वाटा निम्मा असावा, हे मगनबाईंच्या स्मृतीस धरूनच होईल.

मंदिराचा जीर्णोद्धार, पाठशाळा, अन्नक्षेत्र ही कार्ये ट्रस्टची भूषणे आहेत व ती अखंड चालावीत. चतुर्विध दानात ज्ञानदानाचे स्थान कोणते, हे श्रावकास सांगावे लागत नाही. पन्नास वर्षांपूर्वी ज्यांनी या ट्रस्टचे पहिले पान लिहिले, त्यांच्या वहीत रक्कम लहान होती आणि विश्वास मोठा होता. पुढील पन्नास वर्षांच्या वहीचे पहिले पान लिहिताना त्यावर एखाद्या विद्यार्थ्याच्या निवासाची रक्कम प्रथम नावे पडावी. तिची जमा त्याच्या उभ्या आयुष्यात दिसेल, आणि कोणा मातेच्या बांगड्या तिच्या हातातच राहतील.